जमण्यातलं सुख

सहावीच्या वर्गात शिक्षकांनी प्रश्न टाकला, की उत्तर येणारे आणि न येणारे असे सगळेच हात वर जातात. काही मुलं तर बाकावरून अर्धवट उठून ‘सर मी, सर मी’ करत असतात. त्याच शाळेच्या नववीच्या वर्गात तोच शिक्षक तसाच प्रश्न टाकतो, तेव्हा वर्ग वहीत डोकं घालून बसतो. उत्तर माहीत असलेली मुलंही गप्प राहतात. मधल्या तीन वर्षांत या मुलांचं काय झालं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

एनसीईआरटीने २०२२च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची पाहणी केली. प्रश्न विचारायला संकोच वाटतो, असं २८ टक्के मुलांनी सांगितलं. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे काळजीचं मोठं कारण असल्याचं ८१ टक्के मुलांनी नोंदवलं. मुलं माध्यमिक टप्प्यावर आली की स्वतःच्या आयुष्याबद्दलचं आणि शाळेबद्दलचंही समाधान घटतं, हेही त्या पाहणीत दिसलं. उंची वाढते, समज वाढते, आणि शाळेतलं सुख मात्र कमी होत जातं. ‘वयच तसं आहे’ असं म्हणून घरात आणि शिक्षकांच्या खोलीत हा विषय संपवला जातो. वयाचा वाटा मी नाकारत नाही. पण सगळा दोष वयाच्या माथी मारला, की शाळेने काही बदलायची गरजच उरत नाही, आणि हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं साधं आहे. कुमारवयातलं मूल शाळेत सुखी असतं ते त्याला तिथे काहीतरी खरोखर जमत असतं तेव्हा, आणि ते जमलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतं तेव्हा. त्याचा स्वतःवरचा विश्वास या जमण्यातूनच येतो. भाषणं देऊन, टाळ्या वाजवून किंवा भिंतीवर सुविचार लिहून तो आणता येत नाही.

तसा प्रयत्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जॉन वास्कोन्सेलोस नावाचे आमदार होते. माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की शाळेतलं अपयश, व्यसनं, गुन्हेगारी असे पुष्कळ प्रश्न सुटतील, अशी त्यांची मनापासूनची श्रद्धा होती. त्यांच्या आग्रहामुळे १९८६ साली राज्याने यासाठी खास कृती दल नेमलं आणि १९९० साली त्याचा अहवाल आला. शाळाशाळांतून मुलांना ‘तू खास आहेस’ हे सांगण्याची लाट पसरली. पुढे २००३ साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र ठेवून तपासलं. स्वतःला चांगलं समजणारी मुलं जास्त आनंदी असतात, हा संबंध पक्का निघाला. पण मुलांना असं वाटायला लावलं की त्यांचा अभ्यास सुधारतो, याला आधार मिळाला नाही. उलट अभ्यास जमू लागला की मुलांना स्वतःबद्दल बरं वाटू लागतं, असंच बरंचसं चित्र होतं. हेतू चांगला होता, पण आधी काय आणि नंतर काय याची उलटापालट झाली होती. आपल्याकडे दहावीच्या मुलांसाठी सभागृहं भाड्याने घेऊन जी प्रेरणादायी शिबिरं होतात, त्यांच्या आयोजकांनी हा इतिहास जरूर पाहावा.

याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट बांडुरा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या मुंडेअर या छोट्या गावात १९२५ साली त्यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवायला दोनच शिक्षक आणि साधनांचा तुटवडा. त्यामुळे मुलांना बरंचसं आपलं आपण शिकावं लागे. आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या बांडुरांनी १९७७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ‘मी कसा आहे’ याबद्दल माणसाला काय वाटतं, याच्यापेक्षा ‘हे काम मला जमेल का’ याबद्दल काय वाटतं, यावर तो कामाला हात घालेल की नाही आणि अडचण आली तर टिकेल की नाही हे ठरतं, असं त्यांनी मांडलं.

ज्या प्रयोगांवर हे उभं होतं, ते सापाला भयंकर घाबरणाऱ्या प्रौढ माणसांवर केलेले होते. काहींना दुसरा माणूस साप हाताळताना नुसता पाहायला दिला. काहींना पायरीपायरीने, सोबतीला माणूस ठेवून, स्वतः सापाच्या जवळ नेलं आणि शेवटी त्याला हात लावायला लावला. ज्यांनी स्वतः केलं, त्यांचा विश्वास सर्वांत जास्त वाढला. नुसतं पाहिलेल्यांचाही वाढला, पण कमी. आणि ‘मला इथवर जमेल’ असं माणूस आधी जे सांगत होता, साधारण तिथवरच तो प्रत्यक्षात पोहोचत होता.

बांडुरांनी या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, विश्वासाच्या माणसाचे शब्द, आणि त्या क्षणीची शरीर-मनाची अवस्था. यातला पहिला सर्वांत बळकट. आपल्या शाळा आणि घरं मात्र सगळा भर तिसऱ्यावर देतात, म्हणजे बोलण्यावर. ‘कर की, जमेल तुला’, ‘अरे, एवढं सोपं आहे’, ‘आत्मविश्वास ठेव’. सोपं आहे असं सांगितलेलं जेव्हा जमत नाही, तेव्हा मुलाची लाज दुप्पट होते, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

या पहिल्या उगमापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण खरी गोम तिथे आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ‘असर’ पाहणी २०२३ साली झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं त्यांतल्या जेमतेम ४३ टक्क्यांना जमलं. सुमारे पाव मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही. आता यातलाच एखादा मुलगा नववीत बसलेला आहे आणि फळ्यावर बहुपदींचा भागाकार चालला आहे, असं डोळ्यांपुढे आणा. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, हे धोरण अनेक वर्षं होतं. त्यामुळे आपल्याला काय येत नाही, हे त्याला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. नववीत एकदम लाल शेरा येतो. अशा मुलाला आत्मविश्वासाचा उपदेश करणं क्रूर आहे. त्याचा अविश्वास खोटा नाही. त्याला खरंच येत नाही, आणि ते त्याला कळतं. त्याला हवा आहे भागाकार. रोज अर्धा तास, चिडवणाऱ्या नजरांपासून दूर, चौथीच्या पातळीपासून. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, तो एकाएकी सोडत नाहीत आणि कायमचा ठेवतही नाहीत. आधार देण्याची तीच रीत इथेही लागते. महिन्याभरात भागाकार जमला की त्या मुलाची बसण्याची ढब बदलते, हे ज्या शिक्षकांनी असं काम केलं आहे ते सगळे सांगतात. बहुपदी त्यानंतर येतात.

हा विश्वास कामागणिक वेगळा असतो, ही बांडुरांची दुसरी महत्त्वाची गोष्ट. शेतावरची पाण्याची मोटर उघडून दुरुस्त करणारा मुलगा इंग्रजीच्या तासाला घामाघूम होतो. घरचा हिशेब सांभाळणारी, आईबरोबर आठवडी बाजारात सुट्टे पैसे क्षणात मोजून देणारी मुलगी गणिताच्या पेपरला गार पडते. या दोघांना ‘आत्मविश्वास नाही’ असं शाळा म्हणते, ते चूक आहे. तो त्यांच्याकडे आहे. शाळेने विचारलेल्या जागी तो नाही, एवढंच.

दुसऱ्याला पाहून येणाऱ्या विश्वासाबद्दल थोडक्यात. शाळा गुणवंतांचे सत्कार करतात, त्यांची भाषणं ठेवतात. ९८ टक्केवाल्या मुलीचं भाषण ४५ टक्केवाल्या मुलीला उभारी देत नाही. ती वेगळ्याच मातीची आहे, असं तिला वाटतं. दोन वर्षांपूर्वी याच शाळेत गणितात अडखळणारी, याच वस्तीवरून चालत येणारी आणि आता आयटीआयला किंवा नर्सिंगला असलेली मुलगी वर्गात येऊन ‘मी असं केलं’ हे सांगते, तेव्हा ऐकणारी सावरून बसते. पाहुणा निवडताना एवढं ध्यानात ठेवायला पैसा लागत नाही.

कौतुक कसं करावं, यावर कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांचा १९९८चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचवीतल्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘चांगली मेहनत केलीस’. पुढे अवघड कोडी आली आणि अपयश आलं, तेव्हा ‘हुशार’ ठरलेली मुलं लवकर खचली. या कल्पनेवर नंतर मोठा बाजार उभा राहिला, म्हणून तिच्या परिणामाचं माप माहीत असलेलं बरं. अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या मुलांवर केलेला मोठा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. बुद्धी प्रयत्नाने वाढते, हे समजावणारं तासाभराहून कमी वेळाचं सत्र दिल्यावर मागे पडलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत सुमारे ०.१० गुणांची वाढ झाली. म्हणजे फायदा खरा, पण लहान. आणि वर्गातल्या इतर मुलांचं वातावरण अनुकूल होतं, तिथे तो जास्त दिसला. एकट्या मुलाच्या डोक्यात विचार पेरून भागत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

चौथ्या उगमाचा, शरीराच्या अवस्थेचा, आपण विचारच करत नाही. कुमारवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. पण ज्यांचं शरीर उशिरा झोपायला सांगतं, ती आठवी-नववी-दहावीची मुलं अजूनही अनेक ठिकाणी ७ वाजता प्रार्थनेला उभी असतात, आणि रात्री ९ वाजता क्लासमधून परततात. झोप न झालेल्या डोक्याला सगळंच अवघड वाटतं. त्या अवघड वाटण्याचा अर्थ मूल ‘मी ढ आहे’ असा लावतं.

आता शाळेकडे वळू. जॅकलिन एकल्स या अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या सुमारास सहकाऱ्यांसह एक फार नेमकं निरीक्षण मांडलं. या वयात मुलांना स्वतः ठरवायची ओढ लागते, बरोबरीच्यांत आपण कसे दिसतो याची जाणीव तीव्र होते, आणि आईवडिलांखेरीज एखादा विश्वासाचा मोठा माणूस हवासा वाटतो. शाळा नेमक्या त्याच वेळी जास्त नियम लावते, उघड तुलना वाढवते, आणि एका शिक्षकाच्या जागी दर तासाला नवा शिक्षक आणते. हे वाचताना मला आपला आठवीचा वर्ग दिसतो. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीपर्यंत सर एखाद्या मुलीला घरच्यांसकट ओळखतात. आठवीत ती मोठ्या गावच्या हायस्कूलला जाते. एसटीचा पास, नवे चेहरे, ३५ मिनिटांचे तास, आणि पहिल्या महिन्यात गुणांवरून पडलेली तुकडी. ‘ब’ तुकडी, ‘क’ तुकडी. तिथे पोहोचलेल्या मुलीला आपण कोण आहोत हे कळून चुकतं, आणि वर्गावर येणाऱ्या शिक्षकांनाही.

‘अ’ तुकडीतलं मूल तरी सुखात असतं का? ऑस्ट्रेलियात काम केलेले संशोधक हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिलं आहे, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर निवडक हुशार मुलांच्या वर्गात बसलेलं मूल स्वतःला कमी लेखतं. हा परिणाम अनेक देशांत सापडला. तालुक्यात पहिला आलेला मुलगा लातूरच्या किंवा कोटाच्या क्लासमध्ये जातो आणि रविवारच्या टेस्टच्या यादीत तीनशेवा येतो. त्याला येणारं काही कमी झालेलं नसतं, पण आपण काहीच नाही असं त्याला वाटू लागतं. पालकांनी मोठं कर्ज काढून केलेली ही व्यवस्था मुलाचा स्वतःवरचा विश्वास कुरतडू शकते. प्रवेश घेण्याआधी हे कुणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

मग शाळेने करायचं काय? या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पाबळला मिळतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत पीएचडी करून आलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. १९८३ साली त्यांनी या अवर्षणप्रवण भागात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय तयार झाला आणि त्याला परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, माती परीक्षण. शिकवणारे निदेशक बहुधा त्याच परिसरातले हुन्नरी लोक. आणि मुलांनी केलेलं काम वहीत न राहता शाळेत किंवा गावात वापरलं जातं. कुणाच्या घरची वायरिंग, शाळेचं फाटक, कुणाच्या शेताच्या मातीचा अहवाल.

बांडुरांचे चारही उगम इथे एकत्र येतात. काम जमलं की नाही, हे गुणांवर ठरत नाही. दिवा लागला की जमलं. चुकलं तर सोल्डर पुन्हा करता येतं, त्यासाठी वर्षभर थांबावं लागत नाही. शेजारचा मित्र करताना दिसतो. निदेशक काका गावातलेच, त्यांचे ‘बरं झालंय’ हे दोन शब्द वजनदार असतात. आणि भीतीने पोटात गोळा यावा असं तिथे काही नसतं. वेल्डिंग शिकून झालं की लांबी-रुंदी, कोन, प्रमाण यांना अर्थ येतो आणि गणिताचं पुस्तक जरा कमी परकं वाटतं. प्रत्येक शाळेने वेल्डिंगच शिकवावं असं माझं म्हणणं नाही. नाटकाचा प्रयोग उभा करणं, शाळेचं ग्रंथालय मुलांनी चालवणं, गावच्या विहिरींची पातळी वर्षभर नोंदवणं, धाकट्या वर्गाला वाचायला शिकवणं, यांतलं काहीही चालेल. काम खरं असावं, ते मुलांच्या हातात असावं आणि त्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा.

सुखाबद्दल मला एवढंच ठासून सांगायचं आहे, की ते पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. ‘एवढं एक वर्ष काढ, मग आयुष्यभर मजा कर’ हे वाक्य दहावीला म्हटलं जातं, बारावीला म्हटलं जातं, आणि पुढेही संपत नाही. सुमन वर्मा आणि रीड लार्सन या संशोधकांनी सहकाऱ्यांसह शहरी मध्यमवर्गीय घरांतल्या आठवीच्या १०० भारतीय मुलांचा अभ्यास केला आणि दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मनाची स्थिती नोंदवायला लावली. जागेपणीचा एक तृतीयांश वेळ शाळेच्या कामात जात होता, आणि त्या वेळात मुलांची मनःस्थिती सरासरीहून खालची होती. गृहपाठात जास्त वेळ घालवणाऱ्यांची सरासरी मनःस्थिती आणखी खालची. मोकळ्या वेळात मन बरं होतं, पण तिथेही अभ्यासाची काळजी पाठ सोडत नव्हती. लहानपणातल्या जागेपणीच्या वेळाचा एक तृतीयांश भाग म्हणजे थोडाथोडका नव्हे. तो उद्याच्या सुखासाठी गहाण टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८मध्ये ‘हॅपिनेस’चा तास सुरू झाला, नर्सरी ते आठवीसाठी. शांत बसणं, गोष्टी, गप्पा, गुणांची परीक्षा नाही. शाळेच्या वेळापत्रकात मुलाच्या मनाला जागा मिळाली, याचं मला मोल वाटतं. पण तो तास आठवीला थांबायचा आणि नववी उजाडायची. ज्या वर्गांना त्याची सर्वांत जास्त गरज, तिथे वेळ नव्हता. शिवाय एका तासात सुख शिकवायचं आणि उरलेल्या सात तासांत तुलना करायची, याने काही साधणार नाही. गणिताचा तासच सुसह्य व्हायला हवा.

एक सावधगिरी. या पुस्तकातल्या उपायांनी आजार बरा होत नाही. जगात १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रांपासून तुटलं असेल, जगण्याला अर्थ नाही असं बोलत असेल, तर ‘जरा हिंमत धर’ म्हणून वेळ घालवू नये, तज्ज्ञाकडे न्यावं. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक हायस्कूलच्या फलकावर मुलांना दिसेल असा लिहिलेला असावा.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. गणित आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मागे राहिलेल्या मुलांसोबतच्या कामाची प्रकरणं आधी वाचावीत आणि एखाद्या तरी मुलासोबत तो रोजचा अर्धा तास करून पाहावा. मुख्याध्यापकांनी तुकड्या पाडण्यावरचं प्रकरण जूनच्या आत वाचावं, कारण याद्या जूनमध्ये लागतात. पालकांना मात्र विनंती, की झोप आणि मोकळा वेळ यांवरचं प्रकरण क्लासची फी भरण्याआधी वाचा, आणि ते मुलासोबत बसून वाचा.